उत्तरेकडची बाकं

“राणी व्हायला कोण तयार आहे?” असं मिसेस हारग्रीव्हनी विचारलं आणि मी काही ठरवायच्या आतच माझा हात वर गेला. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात हात वर करायचे तो फक्त टॉयलेटला जायचं असेल तर, आणि तेही अगदीच जिवावर आलं तर. पण या वर्षी मला चष्म्याऐवजी लेन्सेस मिळाल्या, मी वेणी कापली, आणि डिबेटमध्ये इयर इलेव्हनच्या, म्हणजे माझ्याहून मोठ्या वर्गातल्या, एका मुलाला असं गप्प केलं की तो अजून कॉरिडॉरमध्ये मला बघून भिंतीला चिकटतो. तेव्हापासून माझा हात माझं ऐकत नाही.

“मंजिरी! ब्रिलियंट!” मिसेस हारग्रीव्ह म्हणाल्या, आणि झालं. जून १९९३, लीड्स, आणि मी राणी.

इथल्या राणीच्या राज्याभिषेकाला चाळीस वर्षं झाली म्हणून आमच्या हिस्टरी डिपार्टमेंटने तो सोहळा शाळेच्या हॉलमध्ये करून दाखवायचं ठरवलं होतं. शुक्रवारी दुपारी, सगळ्या शाळेसमोर, आईवडिलांना बोलावून. राज्याभिषेक म्हणजे डोक्यावर मुकुट ठेवणं, बस, असं मला वाटायचं. मिसेस हारग्रीव्हनी पहिल्याच तालमीला ते खोडून काढलं.

“मुकुट? मुकुटाला खूप वेळ आहे. त्याच्या आधी तेल लावायचं, हातांना, छातीला, टाळूला. तेलाच्या आधी शपथ. आणि शपथेच्याही आधी, सगळ्यात पहिल्यांदा काय?”

आम्ही सगळ्यांनी हातातल्या कागदात डोकी घातली.

“आधी विचारायचं असतं!”

म्हणजे असं. राणी मधोमध उभी राहते. आर्चबिशप, म्हणजे सगळ्यात मोठा धर्मगुरू, तिला आधी पूर्वेकडच्या लोकांना दाखवतो आणि विचारतो, ही तुमची राणी, तुम्ही तिला मान द्यायला तयार आहात का? पूर्वेकडचे ओरडतात, “गॉड सेव्ह द क्वीन!” मग दक्षिण, मग पश्चिम, मग उत्तर. राणीने तोंड उघडायचं नाही. नुसतं त्या त्या बाजूला वळून लोकांना तोंड दाखवायचं.

“हजार वर्षांपूर्वी हा प्रश्न खरा होता,” मिसेस हारग्रीव्ह म्हणाल्या. “राजाचा मुलगा म्हणून आपोआप राजा, असं नसायचं. मोठी माणसं जमायची आणि ठरवायची. आता ठरवणं गेलं, विचारायची पद्धत तेवढी राहिली.”

“आणि नाही म्हणाले तर?” मी विचारलं.

सगळे हसले. मिसेस हारग्रीव्हसुद्धा हसल्या. “अलीकडे कोणी म्हणून बघितलेलं नाही, लव्ह.”

मीही हसले. चार दिवसांनी रेचलने मला मुलींच्या टॉयलेटमध्ये गाठलं तेव्हा मात्र हसू आलं नाही. रेचल माझी बेस्ट फ्रेंड आणि आमची आर्चबिशप. शाळेत सगळ्यात उंच तीच, आणि तिचा आवाज पार पार्किंगपर्यंत जातो. पण तेव्हा ती कुजबुजत होती.

“मॅन्झ, एक सांगू? चिडू नकोस.”

“म्हणजे चिडण्यासारखं आहे.”

“उत्तरेला इयर टेन बसणार आहेत. डीन अॅक्रॉइड आणि त्याची गँग. ते गॉड सेव्ह द क्वीन म्हणणार नाहीयेत. दुसरं काहीतरी ओरडणार आहेत. सगळे एकदम. ठरलंय त्यांचं.”

“काय ओरडणार?”

रेचल नळाकडे बघत राहिली. “गो होम. आणि तो शब्द.”

तो शब्द म्हणजे आमच्यासारख्यांना इथे देतात ती शिवी, मला विचारायची गरज नव्हती. आमच्या गॅरेजच्या दारावर कोणीतरी तो एकदा स्प्रेने लिहिला होता. बाबांनी सकाळी कामावर जायच्या आधी टर्पेंटाइनने घासून काढला आणि आईला सांगितलं, दाराला नवा रंग द्यायचाच होता. मी खिडकीतून बघत होते ते त्यांना माहीत नाही.

मी स्वतः तो शब्द खूपदा ऐकलाय. बस स्टॉपवर, स्विमिंग पूलवर. कान गरम होतात, मग निवतात. पण शुक्रवारी हॉलमध्ये बाबा असणार होते. साठ-सत्तर मुलं तो शब्द एकदम ओरडणार, तो बाबांच्या कानात जाताना मी मधोमध उभी राहून बघणार, आणि मी बघतेय हे बाबा बघणार. मग गॅरेजच्या दाराचं नाटक आम्हाला दोघांना पुन्हा कधीच करता येणार नाही. ही होती माझी भीती. ती अशी बसली की त्या रात्री मला जेवण गिळेना.

“काय झालं गं?” आई म्हणाली. “वरणभात नको तर फिशफिंगर करू?”

आणि मी मूर्खासारखी सगळं सांगून टाकलं. तो शब्द सोडून. नुसतं म्हटलं, ओरडणार आहेत.

माझे बाबा, डॉक्टर शशिधर केतकर, ऑपरेशनच्या आधी भूल देतात. म्हणजे घाबरलेल्या माणसाशी बोलणं हेच त्यांचं काम. त्यांचा तो आवाज मला पाठ आहे, मऊ, सावकाश, “काही नाही, आता दहापासून उलटे आकडे म्हणा.” मी त्या आवाजाची वाट बघत बसले. बाबांनी चमचा खाली ठेवला.

“तू घरी राहा,” ते म्हणाले. “ताप आलाय असं मी लिहून देतो.”

मला धडकीच भरली. पोहण्याचा तास चुकवायला मी एकदा रडून रडून त्यांच्याकडे चिठ्ठी मागितली होती, तेव्हा “खोटं सर्टिफिकेट? माझी सही?” म्हणून तासभर लेक्चर दिलं होतं या माणसाने!

“अहो, असं काय सांगता तिला?” आई म्हणाली. “उद्या हिने जन्मभर आजारीच पडायचं का?”

“वीणा, तुला माहीत नाही ही पोरं काय काय बोलतात.”

“तुम्ही सांगितलंत कधी, म्हणजे माहीत असेल?”

बाबा ताटातला भात उगाच एका बाजूला गोळा करत राहिले. त्यांना भीती वाटते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, आणि भूल देणाऱ्यालाच भीती वाटत असेल तर पेशंटने काय करायचं?

मी घराच्या पॅसेजमध्ये जाऊन सुनीतीआत्याला फोन लावला. आत्या बाबांची धाकटी बहीण, लग्नाआधी पुण्याला कॉलेजात संस्कृत शिकवायची, आता लंडनच्या विमानतळाजवळ हाउन्सलोला प्रायमरी शाळेत शिकवते. तिच्या घरावरून विमानं इतकी खालून जातात की फोनवर दर थोड्या वेळाने “थांब” म्हणते आणि आपण नुसती घरघर ऐकायची. तिला मी डीनबद्दल काही सांगितलं नाही. फक्त तो चार बाजूंना विचारायचा प्रकार सांगितला.

“पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर? अगं, ही तर प्रदक्षिणा झाली! उजवीकडे वळत वळत,” आत्या खूश झाली. “पण मंजू, आपल्याकडे ह्याच्याहून अवघड होतं. राजसूय यज्ञात अभिषेकाच्या आधी राजाला दारोदार जावं लागायचं.”

“भीक मागायला?”

“भीक कसली! राज्य ज्यांच्या जिवावर चालतं ना, त्यांना रत्नी म्हणायचे. सेनापती, पुरोहित, सारथी, गावचा मुख्य. रोज एकाच्या घरी जायचं आणि तिथे आहुती द्यायची. ही सगळी घरं झाल्याशिवाय अभिषेकाचं नाव नाही. थांब.”

घरघर.

“हं. आणि त्यातलं एक घर कोणाचं, सांग? राजाने टाकून दिलेल्या राणीचं.”

“ईऽ, तिच्याकडे कशाला? ती तर चिडलेली असणार.”

“म्हणूनच तर! शाप यायचा तर तिथूनच यायचा. तिच्या घरी काळ्या तांदळाचा भात न्यायचा, तोही नखांनी सोललेला. आणि एवढं सगळं करून अभिषेक झाला की राजाच्या पाठीवर काठ्या मारायचे.”

“राजाच्या?”

“हळू मारायचे गं. पण मारायचे. नुसता मुकुट घालून मिरवायचं असतं तर कोणीही राजा झालं असतं.”

फोन ठेवला आणि मी जिन्यावर बसून राहिले. रत्नी, रत्नी. माझ्या बाबतीत शाप कुठल्या घरातून येणार होता ते मला माहीत होतं. पत्तासुद्धा माहीत होता, कारण आमची बस डीनच्या काउन्सिल इस्टेटवरूनच, म्हणजे सरकारी घरांच्या वस्तीवरूनच जाते आणि तो रोज कोपऱ्यावरच्या घरात शिरताना दिसतो. काळे तांदूळ आमच्याकडे नव्हते. दुसऱ्या दिवशी मी मार्जरिनच्या रिकाम्या डब्यात आईचा चिवडा भरला आणि तो बॅगेत टाकून शाळेत गेले. कोणाला काही सांगितलं नाही. रेचलला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, तुला वेड लागलंय, आणि मला ते पटलं असतं.

शाळा सुटल्यावर डीनच्या गेटपाशी पोचले तेव्हा वाटलं, अजून बस दिसतेय, पळावं. गवतात एक तुटकी सायकल पडली होती. पडदे बंद. मी बेल दाबली. आतून कुत्रा असा भुंकला की दाराची काच थरथरली, आणि माझ्या पायांनी काय करावं? पायांनी बूट काढले. खरंच! दारात उभं राहिलं की आमचे पाय हेच करतात, त्यांना काय माहीत घर कोणाचं आहे. दार उघडलं तेव्हा मी ओल्या पायरीवर नुसत्या सॉक्समध्ये उभी होते, छातीशी मार्जरिनचा डबा धरून.

डीन बघतच राहिला. तेवढ्यात त्याच्या पायांमधून एक बुटका, रुंद जबड्याचा कुत्रा सुटला, माझा एक बूट उचलला आणि घराच्या मागे पसार.

“बस्टर!” डीन ओरडला. मग माझ्या पायांकडे बघून, “बूट काढलेस कशाला?”

“कोणाच्या घरी गेलं की काढतो आम्ही.”

“तुला आत कोणी बोलावलंय?”

“नाही.”

“कोण आहे रे, डीन?” आतून त्याच्या आईचा आवाज आला.

“कोणी नाही!”

माझे दात वाजत होते. जूनमध्ये! डिबेटला मी कशी बोलते, मान वर, हात मागे, ते आठवायचा प्रयत्न केला. काही आठवलं नाही.

“शुक्रवारी तू काय ओरडणार आहेस?” मी विचारलं. आवाज मांजरीच्या पिल्लासारखा आला.

डीन लाल झाला. कानांपासून. “कोण म्हणालं?”

“सगळी शाळा म्हणतेय.”

“जोक आहे तो.”

“मग मलाही सांग ना. मीही हसते.”

त्याने पायाने पायपुसणं सरळ केलं. पुन्हा वाकडं केलं. “तुला राणी व्हायचंयच कशाला? तू धड इंग्लिशपण नाहीस.”

“मी इथेच जन्मले, लीड्समध्ये. तू?”

त्याने शेजारच्याच शहराचं नाव घेतलं. “ब्रॅडफर्ड.”

“म्हणजे बाहेरचा तूच.”

त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला, पण त्याने तो लगेच जागेवर नेला. मला वाटलं, आता बोलले नाही तर पुन्हा बोलू शकणार नाही.

“हे बघ, नाही म्हणायचा तुला हक्क आहे. खरंच आहे. त्याच्यासाठीच विचारतात, मिसेस हारग्रीव्हना विचार. तुला मी नको असेन तर उभा राहा आणि नको म्हण. का नको ते सांग. पण तो शब्द नको, डीन. माझे बाबा येणार आहेत.”

‘बाबा’ म्हणताना माझा आवाज फाटला आणि मला स्वतःचाच राग आला. डीन घराला वळसा घालून गेला आणि बूट घेऊन आला. थुंकीने बरबटलेला, नाडी चावलेली. त्याने तो लांब हात करून माझ्यापुढे धरला. मी डबा त्याच्यापुढे धरला. अशी अदलाबदल झाली.

“हे काय?”

“चिवडा.”

“कुत्र्याला चालेल?”

“नाही. मिरची आहे.”

“मी तुला काही प्रॉमिस केलेलं नाही,” डीन म्हणाला आणि दार लावून घेतलं.

नव्हतंच केलं. घरी येताना बसमध्ये मी तेच घोकत होते. उलट आता त्याला हेही कळलं होतं की मला नेमकं काय दुखतं. शत्रूला आपणच जाऊन जागा दाखवून आले मी! आत्याच्या त्या राजांना परत येताना असंच वाटायचं का, कोण जाणे.

शुक्रवारी सकाळी बाबांनी खरंच पॅड आणि पेन टेबलावर ठेवलं. मी टोस्ट खाल्ला, म्हणजे चावला, आणि पॅड न उचलता शाळेत गेले.

हॉलच्या मधोमध पेट्यांचा स्टेज केला होता, त्यावर सिंहासन म्हणून एक खुर्ची, आणि चारी बाजूंना बाकं. पूर्वेला इयर सेव्हनची पिल्लं, दक्षिणेला पालक, पश्चिमेला आमचं इयर आणि टीचर्स. उत्तरेला, व्यायामाच्या शिड्यांखाली, इयर टेन. मला हॉलचा जुना लाल पडदा पांघरला होता. तो इतका जड होता की चालताना कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखं वाटत होतं, आणि त्याला धुळीचा वास येत होता. दक्षिणेला आई दिसली, निळ्या साडीवर कार्डिगन. तिच्याशेजारची जागा दुसऱ्याच कोणीतरी घेतली होती. बाबा नव्हते. मला इतकं हलकं वाटलं! हॉस्पिटलमध्ये अडकले असतील. देवा, तिथेच अडकू दे.

तेवढ्यात दार उघडलं आणि बाबा आत आले. अंगात कोट, हातात गाडीची किल्ली. आता जागा कुठे? एका प्रीफेक्टने, म्हणजे मोठ्या वर्गातल्या मॉनिटरने, अदबीने त्यांना वाट दाखवली आणि नेऊन बसवलं उत्तरेला. शिड्यांखाली. डीन अॅक्रॉइडच्या बरोबर मागे.

ऑर्गन सुरू झाला. रेचलने माझा हात धरला आणि पूर्वेकडे वळवलं.

“ही तुमची राणी!” तिचा आवाज छतावर आपटून खाली आला. “तुम्ही सगळे तिला मान द्यायला तयार आहात का?”

“गॉड सेव्ह द क्वीन!” इयर सेव्हनने किंकाळी फोडली. बहुतेक त्यांना ओरडायला परवानगी मिळाल्याचा आनंद होता.

दक्षिण. पालक जरा लाजत, पण नीट म्हणाले. आईचे ओठ हलताना दिसले. तिची नजर माझ्यावर नव्हती, उत्तरेला बाबांकडे होती.

पश्चिम. आमचं इयर जोरात ओरडलं. कोणीतरी “मॅन्झऽ!” असंही ओरडलं आणि टीचर्सनी माना वळवल्या. मला काही नीट ऐकू येत नव्हतं. कानात माझंच रक्त धावत होतं. आता एकच वळण राहिलं होतं आणि मला वाटलं, मी वळलेच नाही तर? चक्कर येऊन पडले तर? खोटं नाही, खरीच येत होती. रेचलने हात दाबला. मी वळले.

“ही तुमची राणी! तुम्ही सगळे तिला मान द्यायला तयार आहात का?”

काही नाही.

कोणी काहीच ओरडलं नाही. सत्तर तोंडं बंद. मागे बाबा, बाकाच्या कडेवर बसलेले, किल्ली मुठीत, अर्धे उठल्यासारखे. कोणीतरी खाकरलं. एका मुलाने दुसऱ्याला कोपर मारलं. आता, मी मनात म्हटलं, आता येणार.

डीन उभा राहिला.

“मिस,” तो म्हणाला, मिसेस हारग्रीव्हकडे बघून. “आम्हाला काय मिळणार?”

हॉलमध्ये फिसफिस झाली. मिसेस हारग्रीव्ह म्हणाल्या, “डीन, खाली बस.”

“नाही मिस, विचारलंय ना आम्हाला? मग मी पण विचारतोय. ही राणी झाली तर आम्हाला काय मिळणार?”

रेचलने माझ्याकडे बघितलं. तिच्या कागदावर ह्याचं उत्तर नव्हतं. माझ्याकडे होतं, पण ते पुढच्या भागात, शपथेत, कायदा आणि न्याय आणि दया असं छान लिहिलेलं, आणि त्यातला एकही शब्द मला आठवेना. राणीने इथे बोलायचं नसतं. पण तो चेष्टा करत नव्हता, मला ते दिसत होतं. कान लाल होते त्याचे. त्यालाही भीती वाटत होती, माझी नाही, शेजारी बसलेल्यांची.

“न्याय,” मी म्हणाले. पिल्लाचाच आवाज. “सगळ्यांना सारखा.”

“जोरात!” कोणीतरी ओरडलं.

“न्याय! सगळ्यांना सारखा!” आता तो पार्किंगपर्यंत गेला असेल. “आणि जो मला नको म्हणेल ना, त्यालाही मी घरी जा म्हणणार नाही. तोही इथलाच. एवढंच आहे माझ्याकडे.”

मग मागच्या रांगेतून, हळू, हसत, एकाच आवाजात तो शब्द आला.

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी तो ऐकला. मी ऐकला हेही त्यांना कळलं. आमची नजर तशीच राहिली, दोघांपैकी कोणीच ती वळवली नाही. किती वेळ, माहीत नाही. मला वाटलं होतं तसं काही तुटलं नाही. फक्त भयंकर लाज वाटली, आणि ती माझी नव्हती.

“ए ली, गप बस,” डीन मागे न बघता म्हणाला. मग माझ्याकडे बघून, अगदी कंटाळल्यासारखं, “गो ऑन, देन.”

‘चल, हो राणी’ म्हणायची ह्याहून रुक्ष पद्धत जगात नसेल. पण त्याच्या शेजारच्याने “गॉड सेव्ह द क्वीन” म्हटलं, मग आणखी दोघांनी, मग उत्तरेकडून एक फाटकातुटका, वर-खाली होणारा गजर आला. सगळे नव्हते त्यात. मागची रांग हाताची घडी घालून बसली होती. गजर संपला, सगळं शांत झालं, आणि तेवढ्यात एकटेच बाबा, पूर्ण पुणेरी उच्चारात, भूल देतानाच्या त्या मऊ आवाजात नाही, गर्दीत हाक मारल्यासारखे ओरडले, “गॉड सेव्ह द क्वीन!”

हॉल हसला. वाईट नाही, नुसता हसला. बाबा गोरेमोरे होऊन खाली बसले. डीनने मागे वळून त्यांच्याकडे बघितलं आणि बाकावर थोडा सरकला, त्यांना पाय ठेवायला जागा झाली.

मागच्या रांगेतल्या हाताच्या घड्या मला दिसत होत्या. सोमवारी त्याच कॉरिडॉरमधून जायचं होतं, त्याच बस स्टॉपवर उभं राहायचं होतं.

“बस ना,” रेचल ओठ न हलवता म्हणाली. “त्यांचं मत बदलायच्या आत बस.”

मी पडदा दोन्ही हातांनी गोळा केला आणि सिंहासनावर बसले.